नाग्पोचं बी

सरकारी पशुकेंद्रातली ग्येम आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "आमा, तुमच्या नाग्पोचं बी काढून गोठवून ठेवायचंय," तेव्हा मी लोणी घुसळत होते. हात जागच्या जागी थांबला. पोर केवढी, तर माझ्या धाकटीच्या वयाची. पश्चिमेकडची, नाजूक, नखंसुद्धा कापलेली. आणि बोलतेय काय, तर वळूचं बी!

"काढणार कशात?" मी विचारलं.

तिने पिशवीतून हातभर लांब रबराची नळी काढली. आत आणखी एक मऊ नळी. "या दोन्हींच्या मधे गरम पाणी भरायचं. त्याला वाटतं याकीणच आहे."

"जोमो देवी, आई गं! आणि ही धरायची कोणी?"

"मी धरणार."

मी माझ्या नवऱ्याकडे, जुरमेकडे पाहिलं. एवढा धिप्पाड माणूस, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करायला लागला. तेवढ्यात शेजारचा खांडू टपकलाच. आमच्याकडे कुणी नवं माणूस आलं की या खांडूला कसा पत्ता लागतो देव जाणे. दाराला टेकून त्याने सगळं ऐकलं आणि खो खो हसत सुटला.

"वा रे वा! नाग्पोला सरकारी नोकरी लागली म्हणायची! पेन्शन पण देणार का गं पोरी?"

"तुझ्या तोंडाला कुलूप लाव आधी," मी म्हटलं. "तुझ्या याकिणींनाही तेच बी लागणार आहे, विसरू नकोस."

तो गप्प झाला, कारण खरंच ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. माझ्या आजोबांच्या काळात खिंडीपलीकडून दर दोन-चार वर्षांनी नवा वळू यायचा. ती वाट बंद झाली आणि आमच्या मेराक गावातलं रक्त स्वतःतच फिरत राहिलं. बाप तोच, आजा तोच, मामाही तोच. जनावरं वर्षागणिक खुजी व्हायला लागली. यंदाच्या वसंतात माझ्या सगळ्यात चांगल्या याकिणीला वासरू झालं ते मांजराएवढं. उभंच राहीना. मी त्याला अंगरख्यात घेऊन चुलीशी बसले, बोटाने दूध पाजलं, आणि ते माझ्या मांडीवर गेलं. तसं तेवढं एकच नव्हतं. खांडूच्या कुरणात तर वासरं पुरता पुरता कंटाळा आला होता माणसाला.

नाग्पो तेवढा आमच्यातला नव्हता. माझ्या भावाने त्याला पार पश्चिमेकडून, लांबच्या डोंगरातून आणलेलं, वासरू असताना. काळाकुट्ट, म्हणून नाग्पो. मी त्याला मिठावर वाढवला. मिठाची पुडी सोडली की कुठूनही धावत यायचा आणि माझा तळवा सोलून निघेपर्यंत चाटायचा. यंदा तो वयात आला होता. त्याचं एकही वासरू अजून जमिनीवर पडलेलं नव्हतं.

"नुसता सोडलात तर यंदा तुमच्याच काही याकिणी गाभण जातील," ग्येम म्हणाली. "बी काढून ठेवलं तर सगळ्या मेराकच्या जातील. आणि उद्या तो म्हातारा झाला, मेला, तरी बी राहीलच."

"मेला तरी?"

"तुमची नातवंडं म्हातारी होईपर्यंत राहील, आमा."

मला ते पटेना. मेलेल्या वळूला वासरं व्हायची म्हणजे काय चेष्टा आहे? पण मांडीवर गेलेलं ते वासरू आठवलं आणि मी हो म्हटलं. जुरमे काहीच म्हणाला नाही. त्याचं मौन म्हणजे होकार असंच मी आजवर धरत आलेय.

मग सुरू झाली शाळा. नाग्पोला आम्ही कळपापासून तोडून घराजवळच्या आवारात बांधला. ग्येमची सक्त ताकीद होती, पुरेसं बी साठेपर्यंत त्याला याकिणींत सोडायचं नाही. रोज मीठ दाखवायचं, रोज एका माजावरच्या याकिणीपाशी न्यायचं, आणि ग्येम शेजारी नळी घेऊन उभी. पहिल्या वेळी नाग्पोने नळीकडे पाहिलं, ग्येमकडे पाहिलं, आणि कुंपण मोडून निघून गेला. खांडू भिंतीवर बसून टाळ्या पिटत होता. "अरे, पसंत नाही पडली नवरी!"

पण पोर चिवट. शेणात पडली, उठली. एकदा शिंगाचा धक्का बसून तिचा खांदा हिरवानिळा झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आणि एका सकाळी झालं. नाग्पो चढला, ती बाजूने वाकली, आणि मला काही कळायच्या आत नळी बाजूला घेऊन ओरडली, "मिळालं!" मी बघायला गेले तर नळीच्या टोकाला लावलेल्या बाटलीच्या तळाशी चमचाभर पांढरं.

"एवढंच?" मी म्हटलं. "एवढ्या डोंगराएवढ्या जनावराचं एवढंच?"

"यात सगळं मेराक आहे, आमा," ती म्हणाली, आणि मला तिच्या त्या बारीक ते मोठं दाखवणाऱ्या काचेतून बघायला लावलं. एक डोळा मिटून मी पाहिलं आणि किंकाळीच फोडली. आत नुसती गर्दी! शेपट्या हलवत, एकमेकांना ढकलत, वाट मिळेल तिकडे पळणारी. मी जुरमेला ओढून आणलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. वर उठला तेव्हा त्याचे डोळे भरलेले. "ही सगळी आपली आहेत?" त्याने विचारलं.

पुढचं तर जादूटोण्यासारखंच. तिने आमच्याकडूनच अंडी मागून घेतली, बलक वेगळा काढला, त्यात कसलीशी साखर, कसलंसं औषध, आणि ते मिश्रण बियात घातलं. मग काडीसारख्या बारीक कांड्यांत भरलं. हळूहळू गार केलं, थंडगार वाफेवर धरलं, आणि शेवटी दुधाच्या कॅनसारख्या एका जाड कॅनमधे सोडलं. आतून पांढरा धूर उतू जात होता, पण तो गरम नव्हता, उलट हाडं फोडणारा गार. असं बऱ्याच वेळा झालं. एक कांडी तिने पाण्यात कोमट करून पुन्हा काचेखाली धरली. गोठून, वितळूनही आतली गर्दी पळतच होती. मी तर कपाळाला हातच लावला.

खालच्या गावांत गुरांना खुरांचा रोग आल्याचा निरोप आला आणि ग्येमला उतरावं लागलं. वाटेत दरड कोसळलेली, कॅन पाठीवर घेऊन ती ओलांडणं शक्य नव्हतं. तिने कॅन आमच्या देवघराच्या खोलीत, कोपऱ्यात ठेवला.

"झाकण उघडायचं नाही," ती आम्हा दोघांना म्हणाली. "आतला गारवा गेला की सगळं संपलं. मी आले की एकेक याकीण माजावर येईल तसं भरू."

"मी त्याच्यावर बसून राहीन, मग तर झालं?" मी म्हटलं. "आणि नाग्पोचं काय? बिचारा दोरी चावून चावून थकला."

"सोडा आता त्याला. बी आहे आपल्याकडे."

पण लगेच सोडला नाही, कारण पाऊस लागून राहिला होता. त्या दिवसांत मी चीज वाळवायला वरच्या झोपडीत होते. खाली आले तर जुरमेच्या दोन बोटांना चिंधी. म्हणे उकळतं लोणी सांडलं. "वय झालं तुझं," मी म्हटलं, "लहान पोरासारखा भाजून घेतोस." तो ओशाळून हसला. मी ते डोक्यातून काढून टाकलं.

ऊन पडलं तशी आम्ही नाग्पोला सोडलं. काय सुटला म्हणून सांगू! शेपूट झेंड्यासारखी वर, सरळ कड्यावरच्या कळपाकडे. तिथे आमचा म्हातारा वळू होता, त्याच कुजक्या रक्ताचा, सगळ्या खुज्या वासरांचा बाप. दोघांनी मान खाली घातली. आम्ही खालून ओरडलो, दगड मारले, जुरमे धावला. पण माजावरच्या वळूंना माणसाचा आवाज ऐकू येतो होय? म्हाताऱ्याला कड्याची सवय होती, नाग्पोला नव्हती. त्याचा मागचा पाय सुटला. मी तो पडताना पाहिला. आवाज मात्र बऱ्याच उशिरा आला.

मी जिथे होते तिथे खाली बसले. जुरमे दरीत उतरला आणि त्याच्या डोक्यापाशी जाऊन बसला, तो वर यायला तयार होईना.

फोन लागतो तो फक्त वरच्या टेकाडावर. खांडू न सांगता तिकडे पळाला. त्याचा फोन, त्याचेच पाय. धापा टाकत परत आला. "ग्येम म्हणते दरड काढलीय, ती रातोरात निघू शकते. मेलेल्या वळूचंही बी काढता येतं, थंडी आहे, उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. पण त्याला कापावं लागेल. येऊ का विचारते."

आम्ही काठावरून जुरमेला ओरडून विचारलं, कापायचं का? बियासाठी, ग्येम विचारतेय.

"नाही!" तो खालून ओरडला. "बी आहे की घरात! त्याला कुणी हात लावायचा नाही!"

मलाही ते बरोबरच वाटलं. एवढ्या कांड्या भरलेल्या असताना त्याला मरणानंतर चिरायचा कशाला? खांडूने पुन्हा टेकाड चढून नको म्हणून कळवलं. नाग्पोला गिधाडांनी नेला, आणि मी दोन्ही वेळा त्या कॅनपाशी जाऊन हात जोडायला लागले. खोटं कशाला सांगू, मला दुःख होतं पण भीती नव्हती. तो मेला होता आणि तरी होता, हे आता मला पटलेलं होतं.

ग्येम आली तेव्हा माझी थोरली याकीण माजावर आलेली होती. अख्खी आळी आमच्या दारात. खांडू आपल्या दोन याकिणी घेऊन रांगेत पहिला. ग्येमने चिमट्याने एक कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, थेंब काचेवर घेतला, आणि डोळा लावला.

लावलेला डोळा तिने काढलाच नाही. मग म्हणाली, "ही एखादी खराब असेल." दुसरी काढली. मग तिसरी. मग दुसऱ्या वेळी काढलेल्या बियातली, मग शेवटच्या वेळच्या. तिच्या ओठांचा रंग उडत गेला.

"काय झालं गं?" मी म्हटलं. "बोल की!"

तिने मला जागा दिली. मी पाहिलं. ती सगळी तिथेच होती, तशीच गर्दी, तशाच शेपट्या. पण एकही हलत नव्हती.

"झोपलीत का?" मी विचारलं. काय मूर्खासारखं विचारलं मी!

"मेलीत, आमा. सगळीच्या सगळी." तिचा आवाज चिरकला. "कॅनमधला गारवा पुरेसा आहे. म्हणजे कांड्या बाहेर काढल्या कुणीतरी. बाहेर राहिल्या, वितळल्या, आणि मग परत आत ठेवल्या."

मी कॅनकडे पाहिलं. आणि मग माझा पारा असा चढला की मला दुसरं काही दिसेचना. कॅनला हात लावणार कोण? रोज येऊन डोकावणारा कोण? मी वळले आणि खांडूची गचांडी धरली.

"तू! चोरून तुझ्या याकिणींना भरायला काढल्यास ना? धीर नाही धरवला ना तुला, लांडग्या?"

"अगं सोड! वेड लागलंय का तुला?" त्याची टोपी खाली पडली. "मी कशाला? मला ते लावता तरी येतं का?"

"खोटारड्या! तंगडी मोडीन मी ज्याने कुणी—"

"नोरझोम," जुरमे म्हणाला. "सोड त्याला. मी काढल्या होत्या."

तो अगदी शांतपणे म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, कारण त्याला अजून काही कळलेलंच नव्हतं.

"तू घरात नव्हतीस तेव्हा," तो सांगायला लागला. "सगळं बी गावात वाटलं जाणार, दारोदार जाणार. म्हणजे आपल्या घराची यांग पण त्याच्याबरोबर जाणार ना? कुणीतरी राखायला नको का?"

यांग म्हणजे घराची बरकत. आमच्यात जनावर विकलं तरी त्याचे चार केस उपटून, लोणी लावून, देवापाशी यांगच्या पेटीत ठेवतात. जनावर जातं, बरकत घरात राहते. माझ्या सासूने ठेवले, तिच्या सासूने ठेवले. मीही आजवर एकही जनावर केस न ठेवता दाराबाहेर जाऊ दिलेलं नाही.

"केस ठेवून भागणार नव्हतं," जुरमे म्हणाला. "जनावर जात नव्हतं, बी जात होतं. मग बीच ठेवायला हवं. पण एखादी कांडी ठेवली असती तर गावाच्या हिश्शातली चोरी झाली असती. म्हणून सगळ्याच काढल्या, पेटीत लोण्याजवळ ठेवल्या, दिवा लावला, रात्रभर जप केला आणि उजाडायच्या आत एकूण एक परत आत ठेवल्या. एकही कमी नाही बघ. मोजून घे हवं तर."

त्याने चिंधीचा हात पुढे केला, जणू साक्ष म्हणून. "पहिल्यांदा हाताने काढायला गेलो तर बोटं करपली. मग लाकडी चिमटा घेतला. तू रागावशील म्हणून लोण्याचं सांगितलं."

रात्रभर! दिव्याच्या उबेला, लोण्याच्या शेजारी! आणि जप करत!

"पण ग्येमने बजावलं होतं ना," मी कसंबसं म्हटलं. "गारवा जाऊ द्यायचा नाही म्हणून."

"कॅनचा गारवा जाऊ द्यायचा नाही म्हणाली. मी झाकण लगेच लावलं होतं." तो ग्येमकडे वळला. "मी परत गार केलं की गं सगळं. पाणी नाही का, वितळलं तरी पुन्हा गोठतं?"

ग्येमने मान हलवली. नाही म्हणून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा त्याला कळलं. मी माझ्या नवऱ्याला म्हातारं होताना बघत आलेय, पण एवढ्याशा वेळात नव्हे. तो भिंतीला धरत धरत खाली बसला. बाहेर याकिणी हंबरत होत्या. लोक एकेक करून आपली जनावरं घेऊन निघाले, कुणी काही बोललं नाही. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"दरीत तो नंतर पडला," जुरमे म्हणाला. "त्याच्या आधीच मी त्याला मारून ठेवला होता."

"असं बोलू नकोस," मी म्हटलं.

मग त्याने मान वर केली. त्याच्या मनात काय आलंय ते मला त्याने तोंड उघडायच्या आधीच दिसलं.

"ग्येम, त्या दिवशी तू विचारलं होतंस. कापू का म्हणून. मी नको म्हणालो." तो थांबला. "तेव्हा कापला असता तर बी मिळालं असतं?"

ग्येम खोटं बोलणाऱ्यातली नाही, हे मला एवढ्या दिवसांत कळलं होतं. तिने नजर खाली घातली. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे, हे तिने सांगितलेलं मी ऐकलं होतं, खांडूच्या तोंडून, काठावर उभी राहून. जुरमे तेव्हा खाली दरीत होता. आणि सगळ्या मेराकला पुरून उरेल एवढी माझी जीभ नेमकी या वेळी लुळी पडली.

"नसतं मिळालं," दारातून आवाज आला.

खांडू होता. याकिणी घेऊन तो गेलाच नव्हता. पडलेली टोपी त्याने झटकून डोक्यावर ठेवली. मी धरलेला अंगरख्याचा गळा अजून चुरगळलेलाच होता.

"फोनवर मीच बोललो ना तिच्याशी? ती म्हणाली, उशीर झालाय, काही उपयोग नाही. तरी तुझं मन राखायला विचार म्हणाली. तू नको म्हणालास तेच बरं केलंस, जनावराची विटंबना तरी वाचली. काय गं पोरी, असंच म्हणाली होतीस ना?"

ग्येमने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली. "उशीर झाला होता."

जुरमे माझ्याकडे वळला. "खरं?"

"खरं," मी म्हटलं.

तेव्हा कुठे तो रडायला लागला, आणि खांडू जाऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.